जाहीर प्रकटनाची भाषा आणि शासकीय संज्ञापक : सिद्धेश्वर जलाशयाच्या निमित्ताने

१

मराठी समीक्षेने आजवर ज्या गद्याचा विचार केला ते बहुतांशी ललित, वैचारिक अथवा वृत्तपत्रीय गद्य होय. शासनसंस्था प्रजेशी ज्या गद्यातून बोलते, त्याकडे मात्र समीक्षेचे लक्ष क्वचितच गेले आहे. प्रकटने, सूचना, इशारे, आवाहने हे लेखन कोणी एकाने केलेले नसते, त्यात शैली नसते, आणि म्हणून ते समीक्षेचा विषय होऊ शकत नाही, अशी एक समजूत त्यामागे असावी. ही समजूत दोन कारणांनी टिकण्याजोगी नाही. शैलीचा अभाव ही देखील एक शैलीच असते, हे एक. ज्या मजकुराच्या अर्थावर वाचकाचे पीक, त्याची जनावरे आणि प्रसंगी त्याचा जीव अवलंबून असतो, त्या मजकुराच्या अर्थवाहकतेची परीक्षा न करणे हे वाङ्मयविचाराचे अपुरेपण होय, हे दुसरे.

शासकीय संज्ञापकांचे, म्हणजे माहिती अधिकारी, जनसंपर्क अधिकारी व प्रत्यक्ष सूचना लिहिणारे अभियंते आणि महसूल कर्मचारी यांचे, व्यावसायिक शिक्षण कसे असावे आणि त्यात नवे काय आणावे, याची चर्चा अलीकडे वरचेवर होते. ती बहुधा साधनांच्या अंगाने होते. चलचित्र, भ्रमणध्वनीवरील संदेश, समाजमाध्यमे यांचा परिचय म्हणजेच नवोपक्रम, असे तीत गृहीत धरलेले असते. लेखनाच्या अंगाने हा प्रश्न तपासावयाचा तर एखादे ठराविक स्थळ घेऊन तेथील शासकीय शब्दव्यवहार पाहणे हितावह ठरेल. हिंगोली जिल्ह्याच्या औंढा नागनाथ तालुक्यातील सिद्धेश्वर हे असे स्थळ आहे.

२

पूर्णा नदीवरील पूर्णा प्रकल्प दोन धरणांचा आहे. वरच्या अंगास परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यात येलदरी आणि खालच्या अंगास सिद्धेश्वर. दोन्ही धरणे १९६८ मध्ये पूर्ण झाली. तेव्हा हा सारा प्रदेश परभणी जिल्ह्यात मोडत असे. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी वेगळा झाला. येलदरी हे मुख्यतः साठ्याचे धरण असून त्याच्या पायथ्याशी वीजनिर्मिती होते. तेथून सुटलेले पाणी सिद्धेश्वरात येते व सिद्धेश्वरातून कालव्यावाटे वसमत, पूर्णा, परभणी आणि नांदेडकडील शिवारांत जाते. हिंगोली शहराचा पाणीपुरवठाही याच जलाशयावर अवलंबून आहे. ऊस, हळद, गहू, हरभरा या पिकांचे गणित सिद्धेश्वरच्या पाण्याशी बांधलेले आहे.

या जलाशयासंबंधी जो शासकीय मजकूर वर्षभर प्रसृत होतो त्याचे तीन प्रकार पडतात. पहिला, पाणीसाठ्याची आकडेवारी; दुसरा, सिंचनाचे पाणी मागण्यासाठी काढलेले जाहीर प्रकटन; तिसरा, विसर्ग सोडतानाचा सावधगिरीचा इशारा. राज्यातील बहुतेक जलाशयांबाबत हे तीन प्रकार त्याच साच्यात आढळतात, म्हणून पुढील विवेचनातील दोष एका कार्यालयाचे नव्हेत. ते एका लेखनपरंपरेचे आहेत.

३

आकडेवारीचा विचार आधी करू जाता असे दिसते की, साठा नेहमी ‘टक्क्यां’त सांगितला जातो. सिद्धेश्वरची एकूण साठवण सुमारे २५० दशलक्ष घनमीटर आहे. पैकी उपयुक्त साठा सुमारे ८१ दशलक्ष घनमीटर. उरलेला, म्हणजे उपयुक्ताच्या दुपटीहून अधिक, ‘मृत साठा’ होय. कालवा उताराने दूरवर वाहावा यासाठी त्याचे तोंड नदीच्या तळापासून बरेच उंच ठेवावे लागते. त्या तोंडाच्या खाली राहणारे पाणी कालव्यात आपोआप जाऊ शकत नाही. त्या पाण्याला अभियंत्याच्या परिभाषेत ‘मृत’ म्हणतात. प्रसिद्ध होणारा टक्का हा केवळ उपयुक्त साठ्याचा असतो. म्हणून ‘सिद्धेश्वर शून्य टक्क्यांवर’ हे वाक्य ज्या दिवशी छापले जाते, त्या दिवशीही जलाशयात १७० दशलक्ष घनमीटरांच्या आसपास पाणी असू शकते. ते शेतीला मिळत नाही, पण उपसून पिण्यासाठी घेता येते.

आता हे वाक्य वाचणाऱ्या दोन वाचकांची कल्पना करावी. हिंगोली शहरातील गृहस्थ त्याचा अर्थ ‘नळाला पाणी येणार नाही’ असा करतो. काठावरील गावचा शेतकरी समोर पसरलेले विस्तीर्ण पाणी पाहतो आणि ‘पाणी असून नाही म्हणतात’ असा निष्कर्ष काढतो. पहिल्याच्या मनात भय उत्पन्न होते, दुसऱ्याच्या मनात अविश्वास. दोघांनाही खोटे असे काही सांगितलेले नाही. आकडा अचूक आहे. पण अचूक आकड्याने चुकीचा बोध झाला, हे संज्ञापनाचे अपयश होय. ‘कालव्याला देण्याजोगे पाणी संपले आहे, पिण्यासाठी राखलेले पाणी शिल्लक आहे’ असे म्हटले असते तर दोन्ही गैरसमज टळले असते.

टक्क्यांचा दुसरा धोका तुलनेत आहे. येलदरीचा उपयुक्त साठा सुमारे ८१० दशलक्ष घनमीटर, म्हणजे सिद्धेश्वरच्या दसपट आहे. वृत्तपत्रांत दोन्ही धरणे एका कोष्टकात शेजारी शेजारी येतात. ‘येलदरी ३० टक्के, सिद्धेश्वर ९० टक्के’ असे कोष्टक असल्यास सामान्य वाचकास सिद्धेश्वरात तिप्पट पाणी आहे असे वाटते. वस्तुतः येलदरीत २४३ आणि सिद्धेश्वरात ७३ दशलक्ष घनमीटर पाणी असते. येलदरीचा दहा टक्के साठा हाच सिद्धेश्वरचा शंभर टक्के साठा. सिद्धेश्वरच्या कालव्यावरील शेतकऱ्याचे भवितव्य बहुतांशी येलदरीच्या आकड्यात दडलेले असते, ही गोष्ट ज्या कोष्टकातून कळावयास हवी तेच कोष्टक ती झाकून ठेवते. यात लेखकाचा हेतू दोषी नाही. आकडा हा देखील एक शब्दच आहे आणि त्यालाही संदर्भ लागतो, हे त्याला कोणी शिकविलेले नाही.

४

दुसरा प्रकार पाणीमागणीच्या प्रकटनाचा. रब्बी हंगामापूर्वी निघणाऱ्या अशा प्रकटनाची रचना ठरीव असते. ‘लाभक्षेत्रातील सर्व लाभधारकांना कळविण्यात येते की’ असा आरंभ. नमुना क्रमांक ७ मध्ये अमुक तारखेपर्यंत अर्ज करण्याविषयी सूचना. थकबाकी भरण्याची अट. शेतचाऱ्या दुरुस्त ठेवण्याची अट. मंजूर क्षेत्राबाहेर पाणी घेतल्यास कारवाईचा उल्लेख. १९७६ च्या महाराष्ट्र पाटबंधारे अधिनियमाचा आधार. आणि शेवटी पाणी न मिळाल्यास नुकसानभरपाई मागता येणार नाही असे बजावणे. बहुधा सारे एकाच परिच्छेदात, आणि पुष्कळदा एकाच वाक्यात.

या गद्याची तीन लक्षणे नोंदण्याजोगी आहेत. त्यातील क्रियापदांना कर्ता नसतो. ‘कळविण्यात येते’, ‘घेण्यात येईल’, ‘विचार केला जाणार नाही’ या कर्मणि व भावे प्रयोगांत बोलणारा कोण, हे अदृश्य राहते. मराठीस हे प्रयोग परके नाहीत. परंतु मराठीत ते प्रसंगविशेषी येतात, येथे ते सार्वत्रिक आहेत. ज्याला शंका विचारावयाची आहे त्याला या वाक्यात कोणी माणूसच सापडत नाही.

दुसरे लक्षण अनुक्रमाचे. वाचकास पहिल्याने हवे असते ते हे : यंदा पाणी मिळणार का, किती पाळ्या मिळणार, पहिली पाळी केव्हा, अर्ज कोठे व केव्हापर्यंत. प्रकटनात पाळ्यांची संख्या पुष्कळदा अटींच्या गर्दीत येते, आणि कार्यालयाचा बचाव करणारी वाक्ये मात्र ठळक असतात. मजकुराचा क्रम हा लिहिणाऱ्याच्या चिंतांचा क्रम आहे. वाचकाच्या चिंतांचा नव्हे.

तिसरे लक्षण शब्दनिवडीचे. कालव्यावरील शेतकरी ‘पाळी’ म्हणतो, प्रकटन ‘आवर्तन’ म्हणते. तो ‘चारी’ अथवा ‘मायनर’ म्हणतो, प्रकटन ‘वितरिका’ व ‘लघुवितरिका’ म्हणते. तो ‘टेलचा शेतकरी’ म्हणतो, प्रकटन ‘पुच्छ भागातील लाभधारक’ म्हणते. ‘शेजपाळी’सारखा सुंदर आणि नेमका शब्द दोघांतही समान आहे, यावरून परिभाषा लोकभाषेतून घडविणे अशक्य नसते हेच सिद्ध होते. शेजाऱ्यामागून शेजाऱ्याची पाळी, ही सारी व्यवस्था त्या एका शब्दात सामावली आहे.

तथापि या शब्दांपैकी सर्वांत अधिक विचार करावयास लावणारा शब्द ‘लाभधारक’ हा होय. लाभ देणारा एक आणि तो घेणारा दुसरा, असा संबंध हा शब्द गृहीत धरतो. २००५ च्या ‘महाराष्ट्र सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन अधिनियमा’ने पाणी वापर संस्थांना घनमापनाने पाणी देण्याची आणि तिच्या क्षेत्रातील वाटपाचे व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे सोपविण्याची तरतूद केली. म्हणजे कायद्याने शेतकरी व्यवस्थापक झाला. प्रकटनात तो लाभधारकच राहिला. कायदा पुढे गेला आणि वाक्य मागे राहिले. व्यवस्थापकाशी बोलताना कारणे सांगावी लागतात, हिशोब मांडावा लागतो, त्याचे मत विचारावे लागते. लाभधारकास नुसते कळविले तरी पुरते. भाषेतील हा भेद शासनव्यवहारातील एका अपुऱ्या राहिलेल्या परिवर्तनाचा पुरावा म्हणून वाचता येईल.

५

तिसरा प्रकार इशाऱ्याचा. सिद्धेश्वरचा उपयुक्त साठा लहान असल्यामुळे येलदरीतून मोठा विसर्ग आला की तो पुढे नदीत सोडण्यावाचून गत्यंतर नसते. अशा वेळी निघणाऱ्या मजकुराचा साचा साधारणतः असा असतो : ‘पाणलोट क्षेत्रातील पर्जन्यमान व जलाशयातील येवा विचारात घेता अमुक क्युसेक इतका विसर्ग नदीपात्रात सोडण्यात येत असून आवश्यकतेनुसार तो कमी-अधिक करण्यात येईल, तरी नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे.’

क्युसेक म्हणजे सेकंदास एक घनफूट, अर्थात सुमारे २८ लिटर. दहा हजार क्युसेक म्हणजे दर सेकंदाला जवळजवळ २ लक्ष ८३ हजार लिटर. दहा हजार लिटरांचे अठ्ठावीस टँकर एका सेकंदात रिते व्हावेत इतके पाणी. हा हिशोब मांडून दाखविला तरी काठावरच्या माणसाचा प्रश्न सुटत नाही. आपल्या गावच्या पुलावर पाणी येईल का, आले तर केव्हा, आणि नदीतील मोटार आत्ताच काढावी की सकाळी, हे त्याला हवे असते. ‘सतर्क राहावे’ ही क्रियाच नव्हे, ती एक मनःस्थिती आहे. इशाऱ्याने मनःस्थिती सुचवून भागत नाही. कृती सांगावी लागते.

तोच आशय असाही मांडता येईल : ‘आज सायंकाळी सहानंतर सिद्धेश्वर धरणातून नदीत पाणी सोडणार आहोत. काठावरच्या मोटारी, जनावरे, वैरण त्याआधी वर आणा. रात्री नदी ओलांडू नका. वर पाऊस वाढला तर पाणी आणखी सोडावे लागेल. तसे झाल्यास रात्री नऊच्या आत पुन्हा कळवू.’ यात मूळ मजकुरातील तांत्रिक अनिश्चितता लपविलेली नाही. उलट ती अधिक प्रामाणिकपणे व्यक्त झाली आहे. ‘आवश्यकतेनुसार कमी-अधिक’ या पदावलीत अनिश्चिततेची जबाबदारी कोणीच घेत नाही. ‘पुन्हा कळवू’ या दोन शब्दांत ती घेतली जाते.

यावर एक आक्षेप संभवतो आणि तो उपेक्षणीय नाही. कार्यालयीन मजकूर न्यायालयात टिकावा लागतो. वेळ सांगितली आणि ती चुकली तर दोष लिहिणाऱ्यावर येतो. वरून येणारा येवा लिहिणाऱ्याच्या हाती नसतो. शिवाय कर्मचारी मोजके आणि बदल्या वारंवार. म्हणून संदिग्धता हाच त्याचा एकमेव आश्रय. या आक्षेपातील तथ्य मान्य करूनही असे म्हणता येईल की, विधिदृष्ट्या आवश्यक मजकूर आणि वाचकास उद्देशून लिहिलेला मजकूर हे दोन भिन्न लेख आहेत. आदेशाची प्रत दप्तरी ठेवावी, गावात जावयाचा मजकूर निराळा लिहावा. आज मात्र दप्तरातील पत्राचेच छायाचित्र काढून ते भ्रमणध्वनीवर पाठविले जाते. जावक क्रमांक, संदर्भ, विषय आणि ‘प्रत माहितीस्तव सविनय सादर’ अशी यादी ओलांडून वाचकाने आपल्या उपयोगाची एक ओळ शोधावयाची असते. साधन क्षणात पोहोचणारे आहे. मजकूर मात्र टपालाच्या वेगाचाच राहिला आहे. नवोपक्रम या नावाने जे चालते त्याचे मर्म येथे उघडे पडते.

६

शासकीय मराठी पूर्वापार अशीच होती काय? इतिहास निराळी साक्ष देतो. १७१५ च्या सुमाराचे मानले जाणारे रामचंद्रपंत अमात्यांचे ‘आज्ञापत्र’ ही शासनाचीच भाषा होय. आरमारासाठी लाकूड तोडण्यासंबंधी सांगताना रयतेच्या झाडांना तिच्या संमतीवाचून हात लावू नये असे त्यात बजावले आहे. आणि नुसते बजावून न थांबता झाडे वर्षा दोन वर्षांत वाढत नाहीत, रयतेने ती लेकरांप्रमाणे जोपासलेली असतात, हे कारणही दिले आहे. आज्ञा आणि तिचे कारण ही एकाच श्वासात सांगण्याची रीत राज्यव्यवहाराच्या मराठीत होती, हे यावरून दिसते.

लोकांपर्यंत पोहोचण्याचे साधन म्हणून गावात दवंडी होती. तिची वैशिष्ट्ये आजच्या संज्ञापकाने अभ्यासण्यासारखी आहेत. ती गावातील ओळखीच्या माणसाच्या तोंडून येई. मजकूर एका दमात सांगण्याइतका लहान असे. ती चावडीवर, वेशीत, आळीआळीत पुनःपुन्हा उच्चारली जाई. आणि ऐकणाऱ्यास तेथल्या तेथे ‘म्हणजे केव्हा?’ असे विचारता येत असे. दवंडी एकतर्फी नव्हती. हिंगोली जिल्ह्यातील नर्सी हे संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते. त्यांच्या नावाशी निगडित असलेल्या कीर्तनपरंपरेतही श्रोत्याचा चेहरा वाचून दृष्टांत निवडण्याची कला आहे. या प्रदेशास लोकसंज्ञापनाचा वारसा नाही असे कोणासही म्हणता येणार नाही.

मराठवाड्याच्या बाबतीत आणखी एक पदर ध्यानात घ्यावयास हवा. १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि तेथील कारभाराची भाषा उर्दू होती. ज्या भाषेत अर्ज लिहावयाचा ती अर्जदाराची भाषा नाही, हा अनुभव येथील कित्येक पिढ्यांचा. १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, त्याच वर्षी भाषा संचालनालय स्थापन झाले, १९६२ मध्ये पदनाम कोश निघाला आणि १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने मराठी राजभाषा ठरली. कारभार मराठीत आला हे मोठेच कार्य होय. पण मराठवाड्यातील शेतकऱ्याच्या दृष्टीने पाहिले असता एक अनोळखी परिभाषा जाऊन दुसरी अर्धी ओळखीची परिभाषा आली, असेही घडले. याचा दोष कोशकारांस देणे अन्यायाचे होईल. कोश शब्द देतो. वाक्य लिहिणाऱ्यानेच घडवावे लागते. शब्दांसाठी मंडळे नेमली गेली, वाक्यांच्या शिक्षणाची तितकीच चिंता केली गेली नाही.

इंग्लंडातही हा प्रश्न उद्भवला होता. तेथील अर्थखात्याच्या सांगण्यावरून सर अर्नेस्ट गॉवर्स या अनुभवी अधिकाऱ्याने शासकीय लेखनाची चिकित्सा करणारे पुस्तक १९४८ मध्ये लिहिले. त्यातील उपदेशापेक्षा त्यामागील घटना महत्त्वाची आहे : शासनाने आपल्याच वाक्यांची परीक्षा आपल्याच माणसाकडून करविली आणि तिचा उपयोग कर्मचाऱ्यांच्या शिक्षणासाठी केला.

७

नवोपक्रमाचा खरा नमुना मात्र दूर शोधण्याची आवश्यकता नाही. १९५६ मध्ये तत्कालीन मुंबई राज्यातील पुणे, अहमदनगर (आताचे अहिल्यानगर), नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच मराठीभाषक जिल्ह्यांत युनेस्कोच्या साहाय्याने आकाशवाणीने ग्रामीण श्रोतृमंडळांचा प्रयोग केला. सुमारे दीडशे गावांत मंडळे स्थापन झाली. ठरलेल्या दिवशी मंडळाने एकत्र बसून कार्यक्रम ऐकावयाचा, त्यानंतर त्यावर चर्चा करावयाची, आणि उत्पन्न झालेल्या शंका केंद्राकडे लिहून पाठवावयाच्या, म्हणजे पुढील कार्यक्रमात त्यांची उत्तरे मिळत. एकूण वीस कार्यक्रम झाले. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या वतीने पॉल न्यूराथ यांनी या प्रयोगाचे मूल्यमापन केले. मंडळे असलेल्या गावांची तुलना त्यांनी नुसता रेडिओ असलेल्या आणि रेडिओही नसलेल्या गावांशी केली. मंडळांच्या गावांत ज्ञान लक्षणीय वाढले. नुसता रेडिओ असलेल्या गावांत त्या मानाने फारच थोडे.

या निष्कर्षाचे महत्त्व आजही कमी झालेले नाही. साधन तेच, मजकूर तोच. फरक पडला तो प्रश्न परत येण्याच्या वाटेमुळे. १९५९ पासून ही योजना देशभर नेण्यात आली व कालांतराने ती ओसरली. तथापि तिने सिद्ध केलेले तत्त्व ओसरण्याचे कारण नाही. मराठवाडा त्या प्रयोगाच्या वेळी हैदराबाद राज्यात असल्याने त्यापासून दूर राहिला होता. पाणी वापर संस्था, ग्रामसभा आणि भ्रमणध्वनी ही तीन साधने आज सिद्धेश्वरच्या कालव्यावर उपलब्ध आहेत. श्रोतृमंडळासाठी याहून अधिक सामग्री लागत नाही. प्रकटन निघाल्यानंतर आठ दिवसांत कोणत्या शंका आल्या आणि पुढच्या प्रकटनात त्यांपैकी कोणत्या दूर झाल्या, एवढी नोंद ठेवली तरी नवोपक्रम या शब्दास अर्थ प्राप्त होईल.

कायद्याचाही यास आधार आहे. २००५ च्या माहितीच्या अधिकार अधिनियमातील कलम ४ प्रमाणे शासनाने आपण होऊन प्रसिद्ध करावयाची माहिती स्थानिक भाषा आणि त्या क्षेत्रातील संपर्काची सर्वाधिक परिणामकारक पद्धत लक्षात घेऊन प्रसृत करावयाची आहे. येथे ‘स्थानिक भाषा’ या शब्दांचा अर्थ केवळ राज्याची राजभाषा इतकाच घेतला जातो. कालव्यावर ज्या शब्दांत पाणी मागितले जाते ते शब्द, असा अर्थ घेतल्यास कलमाचा हेतू अधिक सफल होईल.

८

यावरून शासकीय संज्ञापकाच्या शिक्षणाची अंगे निश्चित करता येतात. पहिले अंग विषयज्ञानाचे. सिद्धेश्वरच्या मृत साठ्याचा अर्थ ज्याला स्वतःला उमगला नाही त्याला तो दुसऱ्यास सांगता येणार नाही. म्हणून माहिती अधिकाऱ्याने कालव्याच्या तोंडापासून टेलपर्यंत एक पाळी तरी पाहिलेली असावी. छत्रपती संभाजीनगर येथे १९८० मध्ये स्थापन झालेली जल व भूमि व्यवस्थापन संस्था ही पाटबंधाऱ्याचे शिक्षण देणारी, आणि पुण्याची यशदा ही प्रशासकांचे शिक्षण देणारी संस्था आहे. लिहिणारा आणि पाणी सोडणारा या दोघांस एका वर्गात बसविणे या संस्थांना अशक्य नाही.

दुसरे अंग लेखनाचे. वाक्यास कर्ता देणे, वाचकाच्या प्रश्नांच्या क्रमाने मजकूर लावणे, आकड्यास तुलनेचा आधार देणे, कृती क्रियापदाने सांगणे, कारण देणे : ही पाच पथ्ये सांगावयास अर्धा तास आणि अंगवळणी पडावयास कित्येक महिने लागतात. व्याख्यानाने ती येत नाहीत. स्वतःचे जुने प्रकटन पुढे ठेवून ते पुन्हा लिहिण्याच्या अभ्यासानेच येतात.

तिसरे अंग परीक्षेचे. मजकूर प्रसिद्ध करण्यापूर्वी तो दोन वाचकांस द्यावा. त्यांतील एक कालव्यावरचा शेतकरी व दुसरी पाणी भरणारी गृहिणी असावी. ‘यातून तुम्हाला काय करावयास सांगितले आहे?’ एवढाच प्रश्न विचारावा. उत्तर चुकले तर दोष वाचकाचा मानू नये. या परीक्षेस खर्च नाही; मात्र लिहिणाऱ्याच्या अधिकाराचा थोडा अहंकार त्यात खर्ची पडतो, आणि बहुधा म्हणूनच ती घेतली जात नाही.

विद्यापीठांच्या मराठी विभागांचे या कार्यातील स्थान गौण समजण्याचे कारण नाही. हिंगोली जिल्हा ज्याच्या कक्षेत येतो ते नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ सिद्धेश्वरच्या कालव्यापासून दूर नाही. पदव्युत्तर विद्यार्थ्याने एका हंगामातील प्रकटने, इशारे व कोष्टके जमवावीत, त्यांतील वाक्यरचना व परिभाषा वर्गीकृत करावी, ज्यांच्यासाठी ती लिहिली गेली त्यांना ती वाचून दाखवावीत आणि त्यांना कळलेला अर्थ मूळ मजकुराशेजारी मांडावा. हा अभ्यास भाषाशास्त्राचा आहे, शैलीविचाराचा आहे आणि समाजाचाही आहे. असे संकलन सिद्ध झाल्यास प्रशिक्षण संस्थांना पाठ्यसामग्री मिळेल आणि भाषा सल्लागारांना कालव्यावरचे जिवंत शब्द मिळतील. सिद्धेश्वरच्या पाण्यावर पिके घेणाऱ्याला आपल्या पाळीचा दिवस पहिल्याच वाचनात कळेल, एवढे फळ त्या अभ्यासास पुरेसे आहे.